आधी महिना, मग तारीख

९ ऑक्टोबर

बाळ,

तुला ती दुपार आठवते का? तू चौथीत जाणार होतीस. आपण दोघी टेबलाशी बसून वह्यांना तपकिरी कव्हरं घालत होतो. मी कागद दुमडायचे, तू नखाने घडी पाडायचीस, आणि मग मी लेबलावर तुझं नाव घालायचे. माझ्या त्या कॉन्व्हेंटच्या अक्षराची तुझ्या बाबांनी आयुष्यभर थट्टा केली. म्हणायचे, ‘तुझ्या आईचं अक्षर इस्त्री करून कपाटात ठेवलेलं असतं.’ सातव्या वहीला गच्चीवरून बाबांची हाक आली, “कॅप्टन! वर ये लवकर, दिवसाचा चंद्र दिसतोय!” तुझ्या बोटांना खळ लागलेली होती. तू तशीच पळालीस. उरलेल्या चार वह्यांना मी एकटीने कव्हरं घातली. काही विशेष नाही, सहज आठवलं म्हणून लिहिलं.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस त्याला या महिन्यात सात वर्षं होतील. तुला वाटतं मी ते पाकीट विसरले असेन. विसरले नाही. वेधशाळेच्या नोकरीचा तुझा होकार होता त्यात, टपालात टाक म्हणून विश्वासाने माझ्या हातात दिलेला. दीड वर्षाने तुला तो माझ्या खणात सापडला. पण बाळ, मी तो फाडला नव्हता. नीट जपून ठेवला होता. याचा तू कधी विचार केला नाहीस.

असो. बाबांची खबर द्यायला बसले आहे. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वी गेला ते तुला माहीतच आहे. आता डाव्यातही तेच, पडद्याच्या मधोमध पाणी झिरपतं. दर महिन्याला डोळ्यात सुई घ्यावी लागते. पेन्सिलीची रेघ केसाइतकी बारीक काढून पोट भरलेला माणूस तो, अख्खं आयुष्य नकाशे काढण्यात गेलं. आता बशी कुठे आहे ते हाताने चाचपतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, सुया वेळेवर घेतल्या तर आहे तेवढं टिकेल. एक चुकली तर भरवसा नाही.

आणि तुझे बाबा काय म्हणतात? “शनीची कडी दिसते तोवर सुया घेईन. कडी गेली की सुया बंद. उगाच कशाला डोळ्याची चाळण करायची?” डॉक्टरीणबाईंच्या तोंडावर म्हणाले. त्या तिखट आहेत. म्हणाल्या, “आजोबा, शनी माझा पेशंट नाही. भिंतीवरचा तक्ता वाचा.” हे म्हणाले, “तक्ता मला पाठ आहे. शनी पाठ करता येत नाही.”

त्यामुळे ढग नसले की रोज सातला आम्ही गच्चीवर. हे दुर्बिणीच्या आयपीसला डोळा लावतात, बाकी सगळं मी करते. त्यांना रिमोटवरची लाल अक्षरं दिसत नाहीत. मी तारीख, वेळ घालते, दोन ठळक तारे मध्यभागी आणून देते, ‘शनी’ दाबते आणि तो मोटरवाला स्टँड घुर्रघुर्र करत स्वतःच वळतो. त्याशिवाय गत्यंतर नाही. समोर मोटारींचं शोरूम झालंय, त्यांनी चार खांबांवर पांढरे दिवे लावलेत. आकाश आता खरवडून घासलेल्या पातेल्याच्या तळासारखं दिसतं. बाबा विचारतात, “किती आहेत आज?” मी मोजून सांगते, “नऊ.” हे म्हणतात, “नऊ म्हणजे चंगळ आहे.”

डोळ्याला लगेच पाणी येतं, म्हणून रोज एकदाच बघायचं, फक्त शनी. मान जरा तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघतात. काल म्हणाले, “आहे. टोपी घातल्यासारखा.” आणि गुरुवार नसूनही तुला फोन लावला.

गुरुवारी साडेसातला तू तिकडे दुर्बीण लावतेस, हे इकडे. फोन कठड्यावर मोठ्या आवाजात ठेवलेला असतो. तू विचारतेस, “आज रिमोट कुणाकडे?” हे म्हणतात, “ऑपरेटरकडे.” तुम्ही दोघं हसता. मीही हसते. हसू नये असं त्यात काही नाही.

जपून राहा. केस फार बारीक कापलेस असं बाबांच्या फोनमधल्या फोटोत दिसलं.

तुझी
आई


६ नोव्हेंबर

बाळ,

आज गुरुवार होता आणि बाबांनी तुझा फोन उचलला नाही, म्हणून तू काळजीत असशील. ते बरे आहेत. आत पडलेत, रेडिओ लावलाय.

परवा, मंगळवारी, त्यांना कडी दिसली नाही. कडी नाही, शनीही नाही. बराच वेळ डोळा लावून उभे होते. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग सरळ उभे राहिले आणि मला म्हणाले, “तू बघ.” मी पाहिलं. “तुला दिसतो?” मी म्हटलं, “हो.” “मध्यभागी आहे?” “अगदी मधोमध.” “कडी?” “स्वच्छ.”

त्यांनी आयपीसवर टोपण घातलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही खाली आलो. चार मजल्यांचा जिना, पूर्ण वेळ हात खांद्यावर. लग्नानंतर पहिल्या वर्षी आम्ही असे चालायचो. तू झाल्यावर तो हात तुझ्या डोक्यावर गेला, मग दुर्बिणीवर. मी तक्रार करत नाही.

काल परत पाहिलं. तेच झालं.

तुला त्यांनी काही सांगितलं नाही तर आग्रह करू नकोस. माणसाला लाज वाटते. ‘तिला सांग झोपलोय’ म्हणाले, आणि डोळे सताड उघडे होते.

तुझी
आई


१८ नोव्हेंबर

बाळ,

म्हणजे तू माझी पत्रं वाचतेस!

तळमजल्यावरचे शिंपीदादा परवा गळ्यात टेप तशीच लटकवून धापा टाकत वर आले. “वहिनी, तुमच्या लेकीचा फोन दुकानात! धरा धरा, बाहेरगावचा आहे, मीटर पडतोय!” मी हात पुसून धरायला गेले तर म्हणाले, “तुम्हाला नाही हो, साहेबांना.” त्यांना वाईट वाटलं असावं, कारण लगेच विनोद केला. “जगातले लोक शनी मागे लागला म्हणून रडतात, आमचे साहेब शनीच्या मागे लागलेत!”

तू बाबांना शनीबद्दल विचारलंस आणि बाबा म्हणाले, ‘इकडे दोन आठवडे ढग आहेत गं.’ मी बाजूलाच उभी होते. ढगाचा एक तुकडा नव्हता. तुला तिकडे बसून हवामान बघता येतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मग तू शिंपीदादांकडे निरोप ठेवलास, ‘आईला विचारा, दुर्बीण नीट लागते का. तारीख नीट घातली का.’

सात वर्षांनी माझ्यासाठी तुझं पहिलं वाक्य, तेही टेप गळ्यात घातलेल्या माणसाच्या तोंडून. मी ते दोनदा म्हणवून घेतलं.

तर त्याचं उत्तर. चार तारखेला, त्या पहिल्या दिवशी, एक चूक झाली होती. तो रिमोट कसा आहे तुला माहीत आहे, त्याला आधी महिना लागतो, मग तारीख. मी एरवी लक्षात ठेवते. पण शाळेच्या कचेरीत छत्तीस वर्षं दाखल्यांवर तारखा घातल्या, दिवस, महिना, साल. हात आपोआप जातो. मी चार, अकरा असं दाबलं. यंत्राने ते अकरा एप्रिल धरलं. तारे बरोबर लागले, कारण ते मीच मध्यभागी आणून दिले होते. पण ग्रह हलतात. एप्रिलमध्ये शनी जिथे होता तिथे स्टँड जाऊन थांबला. खरा शनी दोन बोटं बाजूला, आणि आयपीसमध्ये नुसता पांढुरका उजेड.

आता तू म्हणशील, मग मधोमध आहे असं का सांगितलंस? सांगते. मला वाटलं, माझं बटण चुकलं. आणि चुकलं की ते सुस्कारा टाकतात. रागावत नाहीत, नुसता सुस्कारा, आणि मग, ‘कॅप्टन असती तर…’ एवढंच. पुढचं म्हणत नाहीत. त्या दिवशी मला तो सुस्कारा नको होता. म्हणून मी ‘हो’ म्हटलं. एवढ्याशा भीतीपोटी माणूस खोटं बोलतो.

खाली आल्यावर रिमोट पेटीत ठेवताना चूक माझ्या लक्षात आली. पण तोवर त्यांनी चहा मागितला होता आणि माझा हात धरून बसले होते.

ती चूक मी सुधारली आहे. तू निर्धास्त राहा.

तुझी
आई


२३ नोव्हेंबर

बाळ,

शुक्रवारी सुईचा दिवस होता. बाबांना मी नेलं. निळा शर्ट घातला होता, तू पाठवलेला. तपासणीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “आज फक्त सांगायला आलोय. बंद करायचं.”

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “आजोबा, हे गेल्या महिन्याइतकंच आहे. बिघडलेलं नाही.”

“मला दिसत नाही.”

“तक्ता वाचा.”

त्यांनी तीन ओळी वाचल्या. बाई म्हणाल्या, “गेल्या महिन्यातही तीनच वाचल्या होत्या. मग काय दिसत नाही?”

“मी सांगितलं ना, तक्ता पाठ आहे. अठरा दिवसांत सोळा वेळा पाहिलं. हिला दिसतो, मला नाही. विचारा हिला.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या टेबलावर प्लॅस्टिकचा डोळा असतो बघ, उघडून आतले भाग दाखवायचा. मी त्याच्याकडे बघत म्हटलं, “हो. मला दिसतो.”

“किती स्पष्ट?”

“कडी वेगळी दिसते.”

बाई पेन ठेवून म्हणाल्या, “मग मला कळत नाही. माझं यंत्र एक सांगतं, तुमचं एक.” आणि यांना, “सुई घ्या. माझ्यासाठी घ्या.” हे हसले. “बाई, शब्द म्हणजे शब्द.” मग बाईंनी यांच्याकडून सही घेतली, स्वतःच्या जबाबदारीवर उपचार नाकारल्याची. मी बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली.

रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून आले. रिक्षावाला आरशातून बघत होता. म्हणाला, “बरं वाटत नाही का काकांना?” मी म्हटलं, “थकलेत.” मला लाजल्यासारखं झालं, या वयात.

तू डिसेंबरच्या बारा तारखेचं तिकीट काढल्याचं शिंपीदादांकडून कळलं. त्याबद्दल पुढच्या पत्रात.

आई


१ डिसेंबर

बाळ,

हे पत्र बाबांच्या वतीने लिहिते आहे. ते सांगतात, मी उतरवून घेते.

‘कॅप्टन, तू येऊ नकोस. मला या अवस्थेत तू बघावंस असं वाटत नाही. मी खुर्चीला धडकतो, पाणी सांडतो. तुझ्या डोक्यात माझं जे चित्र आहे तेच राहू दे. तुझी आई सगळं बघते. गुरुवारचे फोनही काही दिवस नकोत. आकाशाबद्दल बोलणं आता मला सोसत नाही. माझ्यावर प्रेम असेल तर एवढं ऐक. बाबा.’

खाली त्यांची सही आहे. जरा वाकडी आली आहे, पण तुला ओळखू येईल.

आई


१९ जानेवारी

बाळ,

तू तिकीट रद्द केलंस. बाबांचा शब्द मानलास. लहानपणीही तू त्यांचं लगेच ऐकायचीस, मला मात्र तीनदा सांगावं लागायचं.

मी त्यांना आज पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मीच आग्रह केला. दोन महिने सुई नाही, नोव्हेंबरची नाही, डिसेंबरची नाही, आणि सकाळी त्यांनी मला विचारलं होतं, “दिवा गेलाय का?” ऊन टेबलावर आलेलं होतं.

बाईंनी पाहिलं आणि यंत्र बंद केलं. मला बाहेर बोलावलं. पडद्यावर व्रण धरला आहे म्हणाल्या. आता सुईचा उपयोग नाही. उजेड-अंधार कळेल, माणसाचा आकार कळेल, चेहरा नाही. मग म्हणाल्या, “नोव्हेंबरात तो डोळा चांगला होता हो. मला अजून समजत नाही.” त्यांचा आवाज चढला होता. बाकावरचे पेशंट बघायला लागले.

मी म्हटलं, “नशीब.”

“नशीब नाही,” त्या म्हणाल्या. “काहीतरी होतं. मी शोधून काढायला हवं होतं.”

बिचारी. तरुण आहे. तुझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिला रात्री झोप लागत नसेल असं मला वाटलं, आणि वाईट वाटलं.

बाबा शांत आहेत. खरंच सांगते, मी त्यांना इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी सात वाजता मी त्यांच्याजवळ बसते आणि वाचून दाखवते. पूर्वी सात म्हणजे गच्ची. मला खाली जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज येत राहायचा, एकतीस वर्षं. आता ती पावलं स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत, खुर्चीपासून पलंगापर्यंत. प्रत्येक पाऊल माझ्या हाताला धरून.

तुझी
आई


२ मार्च

बाळ,

कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला शिकवलं होतं की कबुली द्यायची ती पूर्ण द्यायची, अर्धी कबुली म्हणजे दुसरं पाप. मी तुला नोव्हेंबरात अर्धी दिली. ती मला टोचते आहे. अठरा तारखेच्या त्या पत्रात ‘ती चूक मी सुधारली आहे’ हे एक वाक्य खोटं होतं, बाकीचं पत्र खरं होतं.

पाच तारखेला मी पुन्हा आधी दिवस दाबला, मग महिना. पाच, अकरा. यंत्राने अकरा मे धरलं. तेव्हा मला माहीत होतं. पण तेव्हाही मनाला सांगता येत होतं की जुनी सवय आहे, हात जातो. सहा, सात, आठ. रोज शनी थोडा वेगळ्या जागी चुकायचा आणि रोज ते एकदा बघायचे आणि रोज माझ्या खांद्यावर हात यायचा. बारा तारखेपर्यंत असं चाललं.

तेरा तारखेला यंत्राने ऐकलं नाही. तेरा हा महिनाच नाही ना. रिमोटवर लाल अक्षरात आलं, तारीख चुकीची. तीनदा आलं. बाबा बाजूला उभे होते, स्टूलला टेकून. “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही, बोट घसरलं.”

तिथे माझी सवय संपली, बाळ. तिथून पुढे मला विचार करून एखादी तारीख निवडावी लागली. मी अकरा एप्रिल घातली. पहिल्या दिवसाची. त्यानंतर प्रत्येक दिवशी तीच.

बाबा त्या दिवशी जास्त वेळ उभे राहिले. म्हणाले, “ऑपरेटर, एकदा हाताने इकडेतिकडे हलवून बघू का?” मला धडकी भरली. दोन बोटं बाजूला तो होता. शोरूमच्या दिव्यांवरून, नुसत्या डोळ्यांनी मला दिसत होता, पिवळसर, स्थिर. यांनी बाणाचं बटण चार वेळा दाबलं असतं तर आत येऊन बसला असता. मी म्हटलं, “अहो, मधोमध तर आहे. हलवलंत तर जाईल.” त्यांनी हात मागे घेतला. “खरंच,” म्हणाले, “तू इतकं नीट लावतेस, आणि मी तुझ्यावरच संशय घेतोय. चुकलं माझं.”

त्यांनी माझी माफी मागितली, बाळ. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पहिल्यांदा.

मग एकवीस तारीख आली. सुईचा दिवस. त्या सकाळी मी ठरवलं होतं की सांगायचं. शपथेवर. त्यांच्या शर्टाची बटणं लावताना सांगायचं ठरवलं, मग रिक्षात, मग बाकावर. बाकावर ते म्हणाले, “एक बरं झालं. इतकी वर्षं तुला एकटीला खाली ठेवलं. आता कुठे जायचं उरलं नाही.” आणि आमचा नंबर पुकारला.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं तेव्हा मी काय म्हटलं ते तुला लिहिलंच होतं.

आणि डिसेंबरचं ते पत्र. त्यातला एकही शब्द बाबांचा नव्हता. सही त्यांची आहे, त्यांना मी वीज मंडळाचा अर्ज म्हणून सांगितलं होतं. ते डिसेंबरभर दर गुरुवारी साडेसातला फोन मांडीवर घेऊन बसायचे. लाजेने स्वतः लावायचे नाहीत, पण तू लावलास तर उचलणार होते. तू लावला नाहीस. महिन्याच्या शेवटी म्हणाले, “आंधळ्याशी काय बोलायचं असं वाटलं असेल तिला.” मी म्हटलं, “तिला काम असतं हो.” मी तुझीच बाजू घेतली, हे लक्षात ठेव.

हे सगळं तुला का लिहिते? तू सात वर्षांत माझ्या एकाही पत्राचं उत्तर दिलं नाहीस. याचं देशील. शिव्या असतील, असू देत. पाकीट आपल्या हाताने चिकटवशील, त्यावर माझं नाव घालशील. मी वाट बघते आहे.

आता कामाचं. गेल्या रविवारी बाबा म्हणाले, “दुर्बीण आणि बाकीचं कुणाला द्यायचं ते लिहून ठेव. पडून खराब व्हायला नको.” ते खुर्चीत बसून सांगत गेले, मी लिहून घेतलं. लिहून झाल्यावर मी त्यांना वाचून दाखवलं, त्यांनी सांगितलं होतं तसंच, शब्दन् शब्द. ते समाधानाने ‘बरोबर’ म्हणाले आणि मी बोट ठेवलं तिथे सही केली. कागदावर काय आहे ते खाली लिहिते, म्हणजे तुझा गैरसमज नको.

दुर्बिणीची नळी. ते म्हणाले, ‘कॅप्टनला.’ कागदावर आहे: शिंपीदादांना. त्यांनी कालच नेली. गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून दुकानात उभी केली आहे, रस्त्याकडे तोंड करून.

मोटरवाला स्टँड, रिमोटसकट. ते म्हणाले, ‘कॅप्टनला, आणि तिला सांग की तिसरा पाय जरा सैल आहे.’ कागदावर आहे: माझ्या शाळेला. हेडमास्तरांनी काचेच्या कपाटात ठेवायचं कबूल केलं आहे. कुलूप आहे, मुलं हात लावणार नाहीत.

आयपीसची पेटी, पाच नग. ते म्हणाले, ‘कॅप्टनला. पंचवीस मिलिमीटरचा तिचा आवडता आहे.’ कागदावर आहे: डॉक्टरीणबाईंना, आभारादाखल. त्यांनी घ्यायला नकार दिला, रडल्यासुद्धा. मी टेबलावर ठेवून आले.

निरीक्षणाच्या वह्या, एकतीस वर्षांच्या. ते म्हणाले, ‘त्या तर तिच्याच. निम्म्या तिच्याच अक्षरात आहेत.’ कागदावर आहे: पत्नीस. त्याच मी सातला वाचून दाखवते. त्यांना फार आवडतं. ‘ढगाळ’, ‘हवा हलती’, ‘कडी उत्तम’ असं काय काय आहे. तुझं अक्षर आलं की मी पान उलटते. एकदा त्यांनी विचारलं, “मध्ये काही गाळलंस का?” मी म्हटलं, “त्या दिवशी ढग होते.”

तुला: हे पत्र. याची नक्कल ठेवलेली नाही, मूळ प्रत तुझ्याकडेच. यातलं त्यांना कळवायचं असेल तर फोन करू नकोस, फोन आता मीच उचलते. तुला यावं लागेल, त्यांच्यासमोर बसावं लागेल आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल की नोव्हेंबरात त्यांना दिसत होतं. नाही सांगितलंस तर आपण दोघी गप्प, मायलेकी.

दोन्हीपैकी काय ते ठरव. येते म्हटलंस तर दार मीच उघडेन.

तुझी
आई